चौसष्ट मिलिसेकंदांची आठवण

महिन्याची २० तारीख आली की नाशिकच्या जेल रोडवरच्या आमच्या घरी जेवणं उशिरा होतात. वहिनी घरूनच काही दुकानदारांची आणि दोन-तीन द्राक्ष व्यापाऱ्यांची हिशेबाची कामं करतात, आणि दरमहा जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरणाऱ्यांची ती शेवटची तारीख. त्या संध्याकाळी त्यांच्या मशीनवर टॅली उघडलेलं असतं, एक्सेलच्या चार मोठ्या फायली असतात, ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टलसकट वीसेक टॅब असतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ऐन वेळी बिलांचे फोटो पाठवत असतं. नेमकं तेव्हाच मशीन अडखळायला लागतं. टॅब बदलला की चार-पाच सेकंद नुसता पांढरा पडदा. एक्सेलच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पाँडिंग’. वहिनी माउस सोडतात, हात मांडीवर ठेवतात आणि वाट बघतात.

“भाऊजी, सगळे म्हणतात रॅम वाढवा. टाकायची का?” त्यांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. ८ जीबीची आणखी एक पट्टी आणायची, खोचायची, झालं. पण रॅम वाढते म्हणजे नेमकं काय वाढतं, हे मलाच धड सांगता येईना. ते समजून घ्यायला बसलो तेव्हा त्या पट्टीत इतकं काही निघालं की वहिनींना उत्तर द्यायला एक महिना लागला.

एका रविवारी सीपीयूचा डबा उघडून मी आतली पट्टी तळहातावर घेतली. लांबी तेरा सेंटिमीटरच्या जराशी वर, म्हणजे वीतभरही नाही. हिरव्या पाटीवर आठ काळ्या चिप आणि एका कडेला सोन्याचा मुलामा दिलेले बारीक संपर्कबिंदू, दोन्ही बाजूंचे मिळून २८८. वजन हाताला जाणवतसुद्धा नाही. हीत ८ जीबी मावतात. जीबी हा शब्द रोज तोंडी असल्यामुळे त्यातला आकडा आपल्याला दिसेनासा झाला आहे. सुटा करून मोजला तर तो ६८ अब्ज ७१ कोटी ९४ लाख ७६ हजार ७३६ कप्प्यांचा आहे, आणि प्रत्येक कप्प्यात फक्त शून्य किंवा एक. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या घरात होती. हे कप्पे त्या सगळ्यांत सारखे वाटले, तर तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला ४६ हजार येतील.

एक कप्पा म्हणजे एक टाकी आणि तिला एक दार. टाकी म्हणजे कपॅसिटर, दार म्हणजे ट्रान्झिस्टर. टाकीत वीज असली तर एक, नसली तर शून्य. चिपवर जागा फार महाग, म्हणून ही टाकी एखाद्या आडासारखी खोल आणि अरुंद करतात. काठोकाठ भरली तरी तीत मावणारी वीज म्हणजे काही दहा हजार इलेक्ट्रॉन. बस. एवढ्यावर वहिनींच्या ताळेबंदातला एक अंश उभा असतो.

ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली, घरी सोफ्यावर बसलेले असताना. तोवर चिपवर एकेक बिट सांभाळायला सहा-सहा ट्रान्झिस्टर लागत. डेनार्ड यांनी ते काम एका ट्रान्झिस्टरवर आणि एका टाकीवर आणलं. ४ जून १९६८ रोजी त्याचं पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची चिप विकायला काढली, तिच्यात १,०२४ बिट होते. डेनार्ड २०२४ मध्ये गेले. आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात त्यांची कल्पना आहे आणि त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खरंच हळहळ वाटते.

इतक्या इवल्या टाकीची एक अडचण मात्र आहे. ती गळते.

पंचवटीत रामकुंडाजवळ कपालेश्वराचं मंदिर आहे. समोर नंदी नसलेलं महादेवाचं देऊळ म्हणून नाशिककर पाहुण्यांना ते आवर्जून दाखवतात. शिवालयात पिंडीच्या वर तांब्याचं पात्र टांगलेलं असतं. तळाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. आपल्या भाषेत त्या पात्राचं नावच ‘गळती’. ती रिकामी पडू नये म्हणून कुणीतरी लक्ष ठेवून तीत पुन्हा पाणी ओततं. रॅमचं अगदी हेच आहे. फरक इतकाच की इथे गळत्या ६८ अब्ज आहेत, आणि कुठल्याही गळतीकडे ६४ मिलिसेकंदांहून जास्त वेळ दुर्लक्ष झालेलं चालत नाही. तेवढ्या अवधीत सगळ्या गळत्यांवरून एक फेरी पुरी करायची, प्रत्येकीत डोकवायचं, भरलेली दिसली तर पुन्हा काठोकाठ भरायची आणि रिकामी दिसली तर तशीच रिकामी ठेवायची. सेकंदाला पंधराहून जास्त फेऱ्या, दिवसाला साडेतेरा लाख. आपण चहा प्यायला उठलो, मशीन नुसतंच सुरू राहिलं, तरी फेऱ्या चालूच. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली की गळणं वाढतं, मग फेरीचा अवधी निम्मा होऊन ३२ मिलिसेकंदांवर येतो.

लाइट गेली की सेव्ह न केलेलं काम का जातं, याचं उत्तर इतकं साधं आहे. पाणी ओतणारा थांबला. पण सगळं त्याच क्षणी जात नाही. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी वीज तोडल्यानंतर रॅममध्ये काय उरतं ते तपासलं. काही सेकंद मजकूर ओळखता येण्याइतका शाबूत होता, आणि चिप थंडगार केली तर काही मिनिटंसुद्धा. थंडीत गळती मंदावते.

आणखी एक गोष्ट मला कळली तेव्हा मी वाचता वाचता थांबलो. कप्प्यात काय आहे ते बघायचं, तर दार उघडावं लागतं. दार उघडलं की टाकीतली वीज वाहून जाते. म्हणजे वाचणं हेच पुसणं. त्यामुळे वाचलेली प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे पुन्हा लिहून ठेवावी लागते, आणि चिप हे काम आपल्याला पत्ता लागू न देता अखंड करत असते.

या कप्प्यांची मांडणी कशी असते ते बघायचं असेल तर आपल्याच जिल्ह्यात येवल्याला जावं आणि पैठणीचा माग बघावा. उभा ताणा, आडवा बाणा, आणि नक्षीतला प्रत्येक ठिपका म्हणजे कुठल्यातरी उभ्या आणि आडव्या धाग्याची गाठभेट. चिपच्या आतही तारांचं असंच विणकाम आहे, प्रत्येक छेदावर एक टाकी. एक आडवी तार जागी केली की वहिनींच्या पट्टीवरच्या एकेका चिपमधले ८,१९२ कप्पे एकदम दारं उघडतात, मग त्यातून हवा तो उभा धागा निवडायचा. पत्ता सांगायची ही पद्धत चिपपेक्षाही जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला, त्याचं नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केलं. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि स्मृती होती फेराइटच्या बारीक कड्यांची. प्रत्येक कडी उभ्या-आडव्या तारांच्या छेदावर ओवलेली. ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे एकूण ८१,९२० बिट, म्हणजे आजच्या भाषेत दहा केबी. वहिनींची पट्टी त्याच्या ८ लाख ३८ हजार पट. पण कड्यांचा एक गुण आपण गमावला. त्या चुंबकीय असल्यामुळे वीज गेली तरी विसरत नसत.

हे सगळं मी जेवताना सांगत होतो. वहिनींनी मध्येच विचारलं, “मग एवढी विसराळू वस्तू मशीनमध्ये ठेवायची कशाला? डिस्क विसरत नाही, तिच्यातूनच काम करायचं.”

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, आणि रॅम वाढवायची की नाही याचं उत्तर याच प्रश्नात आहे.

रॅममधून मागितलेली गोष्ट हाताशी यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. सेकंदाचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा तीस मीटरच जातो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कला त्याच्या साधारण हजार पट वेळ लागतो, आणि फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कला लाख पट, कारण तिथे चकती फिरून हवी ती जागा सुईखाली यावी लागते. हे आकडे आपल्या मापात आणले तर गंमत कळते. समजा, ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर हळद घ्यायला एक सेकंद लागला. ही रॅम. हळद एसएसडीत असेल तर ती आणायला सतरा मिनिटं लागतील, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन येण्याइतकी. आणि हार्ड डिस्कमध्ये असेल तर जवळजवळ अठ्ठावीस तास. म्हणजे आज दुपारी नाशिकहून निघायचं, पुण्यात मुक्काम करायचा, हळद घ्यायची आणि उद्या संध्याकाळी परत यायचं. एक चिमूट हळदीसाठी.

म्हणून काम ओट्यावर चालतं. प्रोसेसर हा स्वयंपाक करणारा, रॅम हा ओटा आणि डिस्क म्हणजे बाहेरचं दुकान. ओट्यावर मावतं तोवर सगळं सुरळीत. पुरणपोळीचा घाट घातला, पुरणाची परात, कणीक, पोळपाट, कटाची आमटी आणि मध्येच भज्यांचं पीठ असं सगळं एकदम आलं की ओटा भरतो. मग काय करायचं? काहीतरी उचलून आत नेऊन ठेवायचं आणि लागेल तेव्हा परत आणायचं.

मशीन हेच करतं, आणि ही युक्ती १९६२ ची आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकात ती पहिल्यांदा नीट उभी राहिली. स्मृतीची ठरावीक मापाची पानं करायची आणि जागा संपली की बराच वेळ न लागलेली पानं मागच्या मोठ्या साठ्यात नेऊन ठेवायची. आज आपल्या मशीनमधलं एक पान बहुतेक ठिकाणी ४ केबीचं असतं. प्रोग्रामला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं सगळं ओट्यावरच आहे. विंडोज १० पासून तर बाहेर नेण्याआधी आणखी एक पायरी आली आहे. क्वचित लागणारी पानं दाबून लहान करून रॅममध्येच ठेवायची, ताटं एकात एक रचून ठेवावीत तशी. इतकी काळजी घेऊनही जागा पुरली नाही की मात्र जाणं-येणं वाढतं. एक पान आणायला दुसरं बाहेर, ते परत आणायला तिसरं बाहेर. शेवटी सगळा वेळ येरझाऱ्यांत जातो आणि प्रोसेसर हात बांधून उभा राहतो. पीटर डेनिंग या संशोधकाने १९६८ मध्ये या अवस्थेची, म्हणजे थ्रॅशिंगची, मीमांसा केली. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक कामाला त्या त्या घडीला लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. तो संच रॅममध्ये मावला तर काम पळतं, मावला नाही तर काम बसतं. यात हळूहळू बिघडणं फारसं नसतं, कडेवरून पाय घसरावा तसं एकदम होतं. २० तारखेची संध्याकाळ म्हणजे वहिनींच्या मशीनचा पाय घसरण्याची वेळ होती का, एवढंच आता बघायचं होतं.

आणि यावरूनच दुसरी बाजूही कळते. संच आधीच मावत असेल, तर रॅम दुप्पट करून हाती काही लागत नाही. ओटा वीस फुटांचा केला म्हणून पोळी लवकर भाजत नाही. रॅम वाढवली की मशीन पळतं, असं सरसकट सांगणारा माणूस तुमचं मशीन न बघता सांगतो आहे.

बघायचं कसं, ते विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’. मी वहिनींना सांगितलं, काम नेहमीसारखंच करा, फक्त ही खिडकी उघडी ठेवा आणि अधूनमधून मोबाइलवर तिचा फोटो काढा. महिन्याच्या ५ तारखेला ८ पैकी पाच जीबी वापरात होते. ११ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, आकडा ८० टक्क्यांच्या पुढे गेला, पण मशीन चालत होतं. २० तारखेच्या संध्याकाळी साडेसहाला मेमरी ९५ टक्के, ‘कमिटेड’ या शब्दापुढे १३ जीबीचा आकडा, आणि शेजारी डिस्कचा आलेख माथ्याला टेकलेला. ‘कमिटेड’ म्हणजे सगळ्या प्रोग्रामना मिळून कबूल केलेली जागा. बसवलेली ८, कबूल केलेली १३, आणि मधला फरक एसएसडीवर येरझारा घालत होता. वहिनींच्या मशीनमध्ये एसएसडी होती म्हणून चार-पाच सेकंदांवर भागत होतं. चकती असती तर चहा करून आणण्याइतका वेळ गेला असता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मेमरी ६०-७० टक्के भरलेली दिसली की लोक घाबरतात. घाबरू नये. विंडोज असो वा लिनक्स, रिकामी रॅम तशीच पडू देत नाही. मघाशी उघडलेल्या फायली, पुन्हा लागतील अशा गोष्टी ती तिथे ‘कॅश्ड’ म्हणून ठेवते आणि गरज पडली की लगेच जागा मोकळी करून देते. भरलेला ओटा हे चालत्या घराचं लक्षण आहे. बघायची गोष्ट एकच. मेमरी काठोकाठ असताना डिस्कसुद्धा त्याच वेळी धापा टाकते आहे का? मॅकवर हे आणखी सोपं आहे. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘मेमरी प्रेशर’चा आलेख असतो, हिरवा, पिवळा आणि लाल.

त्याच आठवड्यात मी माझा लॅपटॉपही तपासला, कारण तोही कासवाच्या गतीने चालायचा आणि मीही मनातल्या मनात त्याला रॅमची कमतरताच म्हणत होतो. निघालं भलतंच. त्यात ८ जीबी होती, वापरात निम्मी, आणि डिस्क मात्र सकाळी सुरू केल्यापासून १०० टक्के. आत मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारणारी जुनी चकती होती. तिथे रॅम टाकली असती तर पैसे पाण्यात गेले असते. मी चकती काढून एसएसडी बसवली. तो वेगळाच लॅपटॉप झाला.

मग वहिनींसाठी पट्टी आणायला कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, “डीडीआर किती?” हा प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांच्या कडेला एक खाच असते आणि प्रत्येक पिढीत तिची जागा वेगळी, म्हणजे चुकीची पट्टी बसतच नाही. डीडीआर३ ला दीड व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. लॅपटॉपची पट्टी याहून आखूड असते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये तर ती बोर्डावर कायमची डकवलेली असते, आणि २०२० पासूनच्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मॅकमध्ये नंतर काहीच वाढवता येत नाही. तिथे निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर वेग आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ही लिहिलेलं असतं. वहिनींच्या मशीनवर दोनपैकी एक जागा मोकळी होती. ही फार चांगली बातमी, कारण सारख्या मापाच्या दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकदम माल उचलतो. ३,२०० वेगाच्या डीडीआर४ पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहू शकतात, दोन असल्या की त्याच्या दुप्पट. कमी-जास्त वेगाच्या पट्ट्या एकत्र बसवल्या तर दोघी संथ पट्टीच्या चालीने चालतात.

किंमत ऐकून मी थबकलो. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, आणि का भडकले ते नाशिकच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. रॅम ही कांद्यासारखी आहे. कुणाचाही कांदा लासलगावच्या लिलावात कांदाच असतो, तशी कुणाचीही चिप त्या मापात बसली की चिपच. भाव चढला की सगळे लागवड वाढवतात, माल एकदम येतो, भाव कोसळतो, लोक हात आखडतात आणि पुन्हा टंचाई. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात, दक्षिण कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स आणि अमेरिकेतली मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना लागणारी खास मेमरी जास्त पैसे देते म्हणून तिघींनी आपली जमीन त्या पिकाखाली आणली. घरगुती पट्ट्यांना वावर कमी पडलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात आधी मोजून मग घेणं ही नुसती शिस्त राहत नाही, त्यात खिशातला पैसा वाचतो.

मशीनचं वयही बघावं. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या मशीनमध्ये आजच्या भावाची रॅम घालायला मी सांगणार नाही, लिनक्स घालून ते चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी. आणि अजून ३२ बिटांची विंडोज असेल तर रॅम घेऊच नका. ३२ शून्य-एकांनी जेवढे पत्ते लिहिता येतात ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, म्हणजे ४ जीबी. त्यापुढच्या कप्प्यांना तिच्याकडे पत्ताच नाही.

पट्टी बसवताना वहिनी शेजारी टॉर्च धरून उभ्या होत्या. मशीन बंद केलं, वायर काढली, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जिरवली. थंडीचे दिवस होते. नाशिकची कोरडी हवा आणि अंगातला स्वेटर, दोन्ही मिळून बोटांत वीज साठते. काही दहा हजार इलेक्ट्रॉनांवर जगणाऱ्या चिपला ती ठिणगी पुरेशी असते. म्हणून आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला. जुनी पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवला. दुरुस्तीच्या दुकानात हे करताना तुम्ही पाहिलं असेल. तो जादूटोणा नाही. संपर्कावर बसलेला मळ निघतो आणि अनेकदा बंद पडलेलं मशीन तेवढ्यानेच सुरू होतं. रबराचा चुरा मात्र ब्रशने झटकायचा. मग खाच जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्यांनी दाब दिला. कट्ट. दुसरी. कट्ट.

बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवी पट्टी दिसली की मशीन आधी तिच्याशी सूर जुळवतं. प्रत्येक तारेवरून खुणेचा संदेश पाठवायचा, तो किती वेळात पोचतो ते मोजायचं, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही बारीक फरक साधून घ्यायचा. त्याला ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ मध्ये पहिल्या वेळी याला काही मिनिटंही लागू शकतात. इथे अर्ध्या मिनिटात पडदा उजळला.

पडदा उजळल्यावर वहिनींनी शेवटची शंका काढली. “एवढ्या गळत्या, एवढ्या फेऱ्या. एखादी चुकली तर माझी बेरीज चुकेल का?” चुकू शकते, पण फार क्वचित. अवकाशातून येणारे किरण चिपमधला एखादा बिट उलटा करू शकतात. २००३ मध्ये बेल्जियममध्ये मतदानयंत्रावर एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडलेली दिसली. ४,०९६ म्हणजे बारा दोनांचा गुणाकार, नेमका एक बिट उलटला की पडणारा फरक. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही, संशय अवकाशकिरणांवर गेला. म्हणून मोठ्या सर्व्हरमध्ये स्वतःची चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी वापरतात. घरच्या हिशेबाला बेरीज दोनदा ताडून बघण्याची वहिनींची जुनी सवय पुरेशी आहे.

पुढच्या २० तारखेला संध्याकाळी साडेसहाला १६ पैकी अकरा जीबी वापरात होते आणि डिस्कचा आलेख तळाशी शांत होता. जेवणं साडेआठला झाली.

तुमच्या मशीनचा निर्णय घेण्याआधी एवढं करा. तुमच्या कामाचा सगळ्यात गर्दीचा दिवस निवडा, मशीन अडखळेल त्याच क्षणी टास्क मॅनेजरच्या मेमरी आणि डिस्क या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि दुकानात गेल्यावर किंमत विचारायच्या आधी ते फोटो दाखवा.